गावात छोटं संग्रहालय काढताय? आधी वही घ्या, मग वस्तू

कोकणात दर गणपतीत कुणाला तरी ही कल्पना सुचतेच. चाकरमानी आलेले असतात, मोदकपात्र काढायला कुणीतरी माळ्यावर चढतं, तिथे एक पेटारा दिसतो, पेटाऱ्यात पायली, फणीकरंड्याची पेटी, दोन फुटके कंदील, आणि मग ओटीवर बसून चर्चा सुरू होते की अरे हे सगळं जपायला पाहिजे, गावात एक म्युझियम काढूया. अनंत चतुर्दशीला सगळे मुंबईला परत जातात आणि पेटारा पुन्हा माळ्यावर.

आमच्याकडे चर्चेच्या पुढे गेलं कारण मी वाचनालयात काम करते आणि आमच्या वाचनालयाच्या मागे एक रिकामी खोली होती. खाडीकाठचं बंदराचं गाव, वस्ती फार मोठी नाही. पहिल्या मे महिन्यात आम्ही चौघंजण वाड्यावाड्यांत टेम्पो घेऊन फिरलो आणि शंभराच्या वर वस्तू आणल्या. फार आनंद. गणपतीत एक काकी आल्या, म्हणाल्या आमची समई दाखवा, सासूबाईंची आहे. आमच्याकडे समया होत्या पाच, त्यातल्या दोन अगदी सारख्या, आणि कुठली कुणाची ते कुणालाही सांगता येईना. काकी काही बोलल्या नाहीत, पण समईसमोर हात जोडायला आल्या होत्या बिचाऱ्या, दोन्ही समयांना हात जोडून गेल्या. त्या दिवशी मला कळलं की आपण संग्रहालय नाही, गोडाऊन केलंय. खाली जे लिहिलंय ते त्यानंतर शिकलेलं आहे, तुम्हाला आधीच कळलं तर बरं.

१. सुरू करण्याआधी दोन-तीन ठिकाणं बघून या

मोठी नव्हे, लहान. मुंबईचं म्युझियम बघून आलात तर फक्त न्यूनगंड येईल. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं वस्तुसंग्रहालय बघा, वाचनालयाच्या जोडीने काय करता येतं ते कळतं. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची नि चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची) परंपरा एका घराने कशी मांडलीय ते बघा, तिथे तर वस्तू वापरून दाखवतात. रत्नागिरीत थिबा पॅलेसमधलं सरकारी संग्रहालय आहेच. बघताना वस्तू कमी बघा आणि पाट्या, लाईट, भिंतीतली ओल, कपाटाचे पाय हे जास्त बघा. जमलं तर तिथल्या माणसाला विचारा की पावसात काय करता. या एका प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो, माझा अनुभव आहे.

२. नवीन संस्था काढू नका, असलेल्या संस्थेत घुसा

लोक उत्साहात आधी संस्था रजिस्टर करायला धावतात. त्यात वर्ष जातं, आणि अध्यक्ष कोण यावरून भांडणं होतात ती वेगळी. गावात नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालय, शिक्षणसंस्था किंवा देवस्थान ट्रस्ट असेल तर त्यांचा उपक्रम म्हणून सुरू करा. मात्र त्यांच्या घटनेतल्या उद्देशांत हे बसतं का ते आधी वाचून घ्या, बसत नसेल तर घटनादुरुस्ती करून घ्यावी लागेल. कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या, तोंडी हो-हो चालत नाही, पुढची कमिटी आली की खोली फराळाच्या सामानाला जाते.

नवीन काढायचीच असेल तर किमान सात सभासद लागतात, आणि १८६० चा संस्था नोंदणी कायदा नि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली नोंदणी होते, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून. साधारण ही कागदपत्रं जमवून ठेवा:

- सगळ्या सभासदांचं आधार, पॅन, फोटो आणि संमतीपत्रं
- पहिल्या सभेचं इतिवृत्त, सह्यांसकट
- संस्थेची घटना आणि नियमावली
- जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र, सोबत असेसमेंट उतारा किंवा लाईट बिल
- जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल

पुढे देणग्या घ्यायच्या तर आयकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीदाराला सूट मिळवून देणारी मान्यता लागते (लोक १२ अ, ८० जी म्हणतात ती), ते नंतर बघा. आणि दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, म्हणजे धर्मादाय कार्यालयाला तसं कळवणं, हे टाळलंत तर संस्था कागदावर लटकते. गावोगाव अशा लटकलेल्या संस्था आहेत.

एक वाक्य घटनेत किंवा ठरावात नक्की घाला, जे कुणी घालत नाही: हे संग्रहालय बंद पडलं तर वस्तू कुणाकडे जाणार. अशुभ बोलतेय असं आमच्या एका ज्येष्ठांना वाटलं होतं. पण वस्तू देणारा माणूस हाच प्रश्न मनात ठेवून असतो, विचारत नाही इतकंच.

३. वही

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात.

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांवर नंबर छापलेली मोठी वही घ्या. स्पायरल नको, पानं फाटतात नि कुणी फाडतं. निळ्या जेल पेनने लिहू नका, पाणी लागलं की पसरतं. कॉम्प्युटरवर शीट ठेवा, जरूर ठेवा, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी केलेलं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर पण आहे, पण दोनपाचशे वस्तूंना ते हवंच असं नाही आणि आमच्याकडे पावसात चार-चार दिवस लाईट नसते. मूळ नोंद वहीत, नक्कल कॉम्प्युटरवर, वहीच्या पानांचे फोटो दोघांच्या मोबाईलवर.

प्रत्येक वस्तूला एक नंबर. आम्ही असा देतो: २०२४.१२.३, म्हणजे २०२४ साली, त्या वर्षीच्या बाराव्या देणाऱ्याकडून आलेली तिसरी वस्तू. साधं आहे, आणि एका घरातल्या वस्तू कागदावर तरी एकत्र राहतात. एकदा दिलेला नंबर वस्तू मोडली तरी दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

वहीत काय लिहायचं? वस्तूचं नाव तिथल्या बोलीत, देणाऱ्याचं नाव आणि वाडी, तारीख, कशाची आहे, मापं, कुठे चीर किंवा पोचा आहे, खोलीत कुठे ठेवलीय, फोटो नंबर. हे झालं कारकुनी. खरं म्हणजे पुढचे तीन प्रश्न: कुणी वापरली, कशासाठी वापरली, आणि वापरायची कधी बंद झाली नि का. तिसरा प्रश्न विचारलात की गावाचा इतिहास आपोआप बाहेर पडतो. जातं बंद झालं कारण गावात गिरण आली, मग गिरण कुठल्या साली आली, कुणी आणली, तिच्याआधी पहाटे दळताना कोण काय ओव्या म्हणायचं, सगळं निघतं.

एक उदाहरण देते. एका आजोबांनी साधा हरिकेन कंदील दिला. काच फुटलेली, गंजलेला, असे आमच्याकडे आधीच सहा होते, मी मनात म्हटलं नको. पण वहीमुळे विचारावं लागलं, तर म्हणाले हा घरातला नाही, पडावावरचा. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची, धक्क्याला लागायची नाही, मग पडावातून उतारू नि सामान किनाऱ्याला आणायचे, रात्रीची बोट असली की पडावाच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, हा कंदील. आजोबांचे वडील पडाववाले. १९४७ साली १७ जुलैला रेवसजवळ रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर गावातल्या बायका बोटीने जायला कशा घाबरायच्या हे पण त्यांनी सांगितलं. आता हा कंदील आमच्या दर्शनी भागात आहे. बाकीचे सहा माळ्यावर.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात सांगा, नाहीतर दोन वर्षांनी 'व्हॉईस ००१७' मध्ये कोण बोलतंय ते कुणालाच कळत नाही.

देणाऱ्याकडून सही घ्या. दोन वेगळे फॉर्म करा, एक कायमच्या दानाचा, एक तात्पुरत्या ठेवीचा, म्हणजे तारीख लिहून परत करायच्या वस्तूंचा. आणि इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे: घर सामायिक असतं. गावात राहणारा भाऊ वस्तू देतो, ठाण्याचा भाऊ मे महिन्यात येऊन म्हणतो कुणाला विचारून दिलीत? म्हणून फॉर्मवर 'माझ्या कुटुंबातील इतर हिस्सेदारांची संमती आहे' अशी ओळ ठेवा आणि जमलं तर दोन भावांच्या सह्या घ्या. भारी वस्तू असेल तर मसुदा एकदा वकिलाला दाखवा.

नंबर वस्तूवर कसा घालायचा? मार्कर नको, स्टिकर तर मुळीच नको, त्याचा गोंद पितळेवर कायमचा डाग पाडतो. कपड्याला सुती नाडीचा तुकडा दोन सैल टाक्यांनी शिवा, त्यावर नंबर. कागदावर मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलने. भांडी, लाकूड यांना जाड कागदाचा टॅग सुती दोऱ्याने बांधा. मोठ्या संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाच्या पारदर्शक लेपाचा एक हात देऊन त्यावर शाईने लिहितात नि वरून पुन्हा लेप देतात, तो लेप नंतर काढता येतो. तुम्हाला मिळाला तर उत्तम.

४. काय घ्यायचं, आणि कशाला हातच लावायचा नाही

दळायची जाती घेऊ नका. गंमत नाही करत. प्रत्येक घर जातं देतं कारण ते उचलून टाकणं जिवावर येतं आणि तुम्ही टेम्पो घेऊन फुकट न्यायला आलेले असता. आमच्याकडे अकरा जाती झाली तेव्हा आम्ही नाही म्हणायला शिकलो. नाही म्हणायची सोपी युक्ती, 'फोटो काढून नोंद करतो, वस्तू तुमच्याकडेच राहू दे'. माणूस खूश, आपली खोली रिकामी.

घ्या काय? जे पटकन नाहीसं होतंय ते. इरलं (पावसात पाठीवर घ्यायचं, बांबू नि पानांचं), कारण ते विणणारे हात संपत आलेत. आंबे काढायचा झेला, शिडाचे तुकडे, जाळं विणायची सुई, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याची लाकडी बुचं नि वजनं. मापांचा पूर्ण संच मिळाला तर सोडू नका: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली, एकाच्या दुप्पट दुसरं. शाळेतली मुलं यावर अक्षरशः पडतात, पाणी भरून मोजायला दिलं तर (यासाठी वेगळा, नोंद नसलेला डबल संच ठेवा). मंगलोरी कौलं पण घ्या, पाठीमागे कारखान्याचा शिक्का असतो. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तिथून समुद्रमार्गे ही कौलं किनाऱ्यावर आली, त्याआधीची घरं गवताची नाहीतर नळीच्या कौलांची. एका कौलावर बंदराचा सगळा व्यापार समजावता येतो आणि कौल कुणी चोरत नाही.

भंगारवाल्याशी दोस्ती करा. जुनं घर मोडलं की पहिली बातमी त्यालाच असते. आमच्या इथला आधी हसायचा, 'काय मॅडम, आमच्या पोटावर पाय काय', आता काही वेगळं दिसलं की फोन करतो. वजनाने पैसे देतो आम्ही त्याला, पण कुठल्या घरातून आलं ते विचारतोच, कारण घर कळलं नाही तर ते नुसतं तांबं.

आता नको ती यादी. याबाबतीत भाबडेपणा नडतो, नीट वाचा.

सांबराची शिंगं, बिबट्याचं कातडं, हस्तिदंत. कोकणात जुन्या ओटीवर शिंगं असतातच आणि लोक प्रेमाने देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे येतं, मालकीचं प्रमाणपत्र लागतं, ते असलं तरी आधी वनखात्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. समुद्रातलं पोवळं नि सी-फॅन (पंख्यासारखं पोवळं) पण संरक्षित आहेत, काही जातींचे शंख सुद्धा. 'समुद्राचा खजिना' म्हणून कपाट सजवायचा मोह आवरा.

बंदुका. शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक, गंजून नळी बुजलेली असली तरी, पोलीस स्टेशनला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देऊ नका. तलवारी-कट्यारींबद्दल पण एकदा विचारून घ्या, आणि जे काय सांगतील ते लेखी घ्या.

जमिनीत सापडलेलं काहीही. विहीर खणताना नाण्यांचं मडकं मिळालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, दहा रुपये किंवा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. कायदा जुना म्हणून रक्कम हास्यास्पद वाटते, पण कायदा चालू आहे.

मूर्ती. दगडी, धातूची, लाकडी मूर्ती आणि जुनी चित्रं शंभर वर्षांपेक्षा जुनी असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते. जीर्णोद्धारात देवळाबाहेर ठेवलेला वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) आणावासा वाटतो, पण तो त्या जागेवरच जास्त बोलतो, फोटो काढा, मापं घ्या, परत या. कातळशिल्पांचं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, तर विचारूच नका, कशेळीचा हत्ती काय उचलून आणणार. त्यांची नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, तुमच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) काही दिसलं तर त्यावर खडू-रंग न लावता फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खडूने रेषा गडद करून फोटो काढायची फॅशन आहे ती वाईट आहे.

५. घासू नका

नवीन वस्तू आली की आपला हात चिंचेकडे जातो. थांबा. पितळ-तांब्यावरचा काळसर थर वस्तूचं वय सांगतो, शिवाय आपल्याकडे भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घातलेली असतात, कुणी दिलं, कुठल्या लग्नात, कधी कधी साल सुद्धा, ती घासून घासून पुसली जातात. आम्ही एक घंगाळ आरशासारखं केलं आणि मग टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं की काठाखाली नाव होतं, आता अर्धंच वाचता येतं. आधी टॉर्च, मग फोटो, मग मऊ ब्रशने धूळ. बस्स. नाण्यांना तर काहीच करू नका.

दुसरा पराक्रम लोखंडी नांगराचा, होडीच्या नांगराचा म्हणतेय. खाडीतून निघालेला, आम्ही तारेच्या ब्रशने घासला, काळा ऑइलपेंट मारला, पाटी लावली. पुढच्या शिमग्यापर्यंत रंगाचे पापुद्रे आणि खाली खवले. समुद्रातल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं, ते महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत बाहेर काढावं लागतं, आणि ते जाणकाराच्या सल्ल्यानेच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणी फोटो पाठवून विचारा.

कागदांना सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नाही. लॅमिनेशन केलेली सनद परत कागद होत नाही.

६. पावसाळा

बाकी महाराष्ट्रातल्या संग्रहालयांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात, कारण जून ते सप्टेंबर आपण पाण्यातच राहतो. एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते असा ढोबळ हिशेब, आणि आमच्या खोलीत जुलैत आकडा ८५ च्या खाली उतरत नाही. म्हणजे लढाई हरलेलीच आहे, फक्त किती हरायचं ते आपल्या हातात.

जांभ्याची भिंत घाम सोडते, म्हणून रॅक भिंतीपासून निदान चार बोटं लांब, आणि खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर. रॅक लोखंडी, रंग दिलेला, लाकडाला वाळवी. काचेचं कपाट घट्ट बंद करू नका, सगळ्यांना वाटतं बंद म्हणजे सुरक्षित, पण आत अडकलेली दमट हवा बुरशीला पाळणा होते. मागे जाळी लावलेली भोकं ठेवा आणि खोलीत पंखा फिरता ठेवा, हवा हलती राहणं हाच निम्मा इलाज. सिलिका जेल फक्त छोट्या बंद डब्यांत उपयोगी, केशरी रंगाचं घ्या, हिरवं झालं की ओल प्यायलं समजायचं, मग जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर वाळवायचं.

कसर लागलेल्या वह्या-पोथ्यांना ऊन नको, शाई उडते नि कागद वाकतो. पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा-वीस अंशांत, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर बाहेरची वाफ कागदावर बसते. आमच्याकडे फ्रीझर म्हणजे बंदरावरचा मच्छीचा, त्यामुळे आम्ही दोन पिशव्या वापरतो, कारण समजलं असेलच. नंतर सुती कापडात बांधायचं, सोबत वेखंडाची पुरचुंडी, पूर्वीचे लोक काही वेडे नव्हते. डांबरगोळ्या मात्र नकोत, बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला त्रास होतो.

बुरशी आलीच तर वस्तू बाहेर सावलीत, मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशी आत चोळलीत.

आणि पुराचं लक्षात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते आठवा, किंवा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छपरं कशी उडाली ते. दरवर्षी मेअखेर एक दिवस ठरवून टाका: कौलं चाळून घ्यायची, पन्हळी साफ, आणि सगळ्यात मोलाच्या दहा वस्तू नि ती वही कुठे हलवायची हे दोन माणसांना पाठ हवं.

७. मोडी लिपीतले कागद आले तर

येतीलच. खोतीचे (खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा), जमिनीचे, देवस्थानचे, रुमालात बांधलेले. मोडी वाचता येत नाही म्हणून कुणालाही मूळ कागद देऊन बसू नका, आमचा एक गठ्ठा 'वाचून आणतो' म्हणून गेला तो गेलाच. आधी स्कॅन किंवा फोटो, मग फोटो पाठवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय, राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग नि परीक्षा घेतो, त्यातून पास झालेलं कुणीतरी तुमच्या तालुक्यात नक्की असेल.

तारखांचं गणित स्वतःला यायला हवं. कागदावर शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. शुहूर सन असेल (मराठेशाहीच्या कागदांवरची मृगापासून सुरू होणारी कालगणना), ज्याला मृगसाल म्हणतात, तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६००. पडताळा घ्यायचा तर पानिपत घ्या: १४ जानेवारी १७६१, शके १६८२, शुहूर ११६१. दोन्ही गणितं जुळली की आत्मविश्वास येतो. नाण्यांचं सोपं आहे, 'नया पैसा' लिहिलेलं नाणं १ एप्रिल १९५७ नंतरचं, त्याआधी सोळा आण्यांचा नि चौसष्ट पैशांचा रुपया.

खोतीच्या कागदांबद्दल एक सांभाळा. त्यात कुणाच्या तरी पणजोबाने कुणाच्या तरी पणजोबाचं शेत घेतलेलं असतं आणि दोन्ही घरं अजून गावात असतात. लपवू नका, पण काचेखाली लावण्याआधी दोन्ही घरांशी बोला.

८. पाट्या

वाईट पाटी: 'पुरातन तांब्याचे भांडे'. याने काय कळलं?

आमची इरल्याची पाटी अशी आहे: 'इरलं. बांबूच्या काड्या नि पानं. लावणीला वाकल्यावर पाठ झाकायची, दोन्ही हात मोकळे राहायचे, म्हणून छत्री आल्यावरही बायकांनी इरलं सोडलं नाही. प्लॅस्टिकचं कापड आलं नि इरलं गेलं.' एवढंच. पन्नास शब्दांच्या वर कुणी वाचत नाही. अक्षर मोठं, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावं इतकं, आणि पाटी कमरेच्या वर. बोलीतलं नाव आधी, पुस्तकी नाव नंतर.

ऐकीव गोष्टी छापू नका. रत्नागिरीच्या आसपास कोरीव पाठीची प्रत्येक खुर्ची थिबा राजाची असते, म्हणजे इंग्रजांनी हद्दपार केलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाची. तो १८८६ मध्ये रत्नागिरीत आला, १९१६ मध्ये वारला, राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, तेवढ्यात एवढ्या खुर्च्या त्याने कधी वापरल्या देव जाणे. किंवा विजयदुर्गाचं घ्या, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने किल्ल्यावरून हेलियम शोधला असं सर्रास सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने तिकडूनच ऑक्टोबरमध्ये पाहिली, आणि ग्रहणाच्या दिवशी निरीक्षण करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, आंध्रातल्या गुंटूरला. आता ही पाटी तुमच्या भिंतीवर असली आणि एखादी नववीतली पोरगी मोबाईलवर शोधून विचारायला लागली तर? गोष्ट छान असेल तर 'गावात असं सांगतात' असं लिहून खाली ठेवा, गोष्ट पण वारसाच आहे, फक्त तिला पुराव्याचे कपडे घालू नका.

९. मांडणी

पितळेचं एकीकडे, लाकडाचं एकीकडे असं लावलंत तर दुकान दिसतं. कामाप्रमाणे लावा: बोट नि बंदर, लावणी ते झोडणी, वाडी-बागायत, स्वयंपाकघर, शिमगा. कमी मांडा. आमच्याकडे चारशेच्या आसपास वस्तू आहेत, बाहेर साठ-सत्तर, दर सहा महिन्यांनी थोड्या बदलतो म्हणजे गावातलेच लोक परत येतात.

जुने फोटो नि कागद मूळ लावू नका, रंगीत प्रिंट लावा, मूळ डब्यात अंधारात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा, लाईट एलईडी आणि कपाटाच्या बाहेर. दोन वस्तू हात लावायला ठेवाच, आम्ही एक जातं ठेवलंय (अकरांतलं), मुलं तांदूळ दळतात, पीठ जमिनीवर, मग मुंग्या, मग रोज झाडू. तरीही ठेवा.

१०. वेळ आणि किल्ली

रोज उघडं ठेवू म्हणून जाहीर करू नका, जमत नाही आणि दोनदा कुलूप बघितलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. शनिवार-रविवार दोन-दोन तास, आणि दारावर फोन नंबर. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या वाड्यांत, कारण पावसात पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं की एक वाडी तुटते. अभिप्राय वहीत 'छान', 'अप्रतिम' असंच येतं, त्याऐवजी एक रकाना आखा, 'तुमच्या घरी असं काय आहे?'. आमच्या निम्म्या चांगल्या वस्तू या रकान्यातून आल्यात.

गणपतीत आणि शिमग्यात मात्र वेळ विसरा. आरत्या आटपून रात्री साडेनऊला दहा माणसं दारात उभी राहतात, मुंबईची गाडी सकाळची असते, आणि त्यांना पणजीची फणीकरंड्याची पेटी नातवाला दाखवायची असते. वही काढायची, वाडी विचारायची, नंबर शोधायचा, पेटी बाहेर.